मोत्यालाही न्या, पण दोरी हातात धरून!

दिवाळीची सुट्टी जवळ आली, की घरोघरी कोकणच्या सहलीचे बेत शिजू लागतात. कुणाचं गुहागर, कुणाचं दापोली, कुणाचं वेळास. कपड्यांची, खाऊच्या डब्यांची यादी होते आणि मग मुलं विचारतात, “आणि मोत्याचं काय?”

जरूर न्या की त्याला! सुरूच्या बनातून, दाट झाडीच्या पायवाटेने समुद्राकडे उतरताना कुत्र्यासारखा हौशी सोबती नाही. मात्र एक गोष्ट निघण्यापूर्वीच ठरवून टाका: वाटेवर त्याची दोरी सोडायची नाही.

“बिचाऱ्याला इथे तरी मोकळं सोडा,” असं घरात कुणीतरी म्हणणारच. बहुधा ‘हे’च म्हणतील! त्यांना तीन गोष्टी सांगा.

पहिली, फुरसं. कोकणात हा विषारी साप पाचोळ्यात, दगडांच्या आडोशाला असतो. कुत्रा दिसेल तिथे नाक खुपसतो, त्यामुळे दंश नेमका तोंडावर होतो. दुसरी, बिबट्या. कुत्रा हे त्याचं नेहमीचं भक्ष्य. म्हणून उन्हं उतरली, की रानवाट सोडावी. तिसरी, समुद्री कासवं. साधारण नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या रात्री किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि परत जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली वेळासला या अंड्यांच्या रक्षणाचं काम हाती घेतलं. पहाटे माणसं घरटी शोधत फिरतात. पण मोकळ्या कुत्र्याचं नाक त्यांच्या आधी पोचलं, तर सगळं घरटंच उकरलं जातं. आपला मोत्या घरी कितीही गुणी असो, वाळूतला वास त्याला स्वस्थ बसू देत नाही.

आता तयारीचं बघू. दोरी मजबूत, चार-पाच हात लांब असावी. ओढाळ कुत्र्याला गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा बरा, गळ्याला काच बसत नाही. दोरी मनगटाला गुंडाळू नका. हिसका बसला तर तुम्हीच पडाल. लहान मुलांच्या हाती तर देऊच नका.

कातळ आणि वाळू उन्हाने तव्यासारखी तापतात. हाताची मागची बाजू जमिनीवर टेकवून पाहा. सात-आठ सेकंद ठेववली नाही, तर मोत्याच्या पायांनाही ती सोसणार नाही. सकाळी लवकर निघा. त्याच्यासाठी वेगळं पाणी आणि एक पसरट भांडं घ्या. समुद्राचं पाणी पिऊ देऊ नका. डब्यातली कांद्याची भजी, मनुका, चॉकलेट प्रेमाने भरवू नका, कुत्र्यांना ती बाधतात.

परतल्यावर कानांत, काखेत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड तपासा. रॉकेल ओतायची जुनी रीत सोडा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा; नखाने चिरडू नका. शेवटी हात साबणाने स्वच्छ धुवा.

साप चावलाच, तर जखम कापणं, चोखणं, करकचून बांधणं यांपैकी काही नको. त्याला चालवू नका. उचलून थेट जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. म्हणून मुक्कामाच्या जवळचा दवाखाना आधीच विचारून ठेवा. पिसाळीची लस वेळेवर दिलेली असावी, तिचा कागद पिशवीत असू द्या.

देवराईत शिरण्यापूर्वी गावकऱ्यांना विचारा. मुरुड-जंजिऱ्याजवळच्या फणसाडसारख्या अभयारण्यात मात्र कुत्रा नेऊच नका.

एवढी काळजी घेतलीत, तर मोत्याची सहल झकास होईल. मोकळं धावायचंच असेल, तर परत आल्यावर घराचं अंगण आहेच की! रानात मात्र दोरीचं दुसरं टोक तुमच्या हातात असू द्या.