हाझो आणि ताझो

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापलीकडे मादागास्कर नावाचे प्रचंड बेट आहे; आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. तेथील पहिल्या रादामा राजाची एक गोष्ट सांगतात. माझे दोन सेनापती आहेत, हाझो आणि ताझो. त्यांना जिंकून कोणी यावे, असे तो म्हणे. हाझो म्हणजे झाड, अरण्य. ताझो म्हणजे हिवताप. यमकही कसे जुळले आहे पाहा!

ही बढाई अगदीच पोकळ नव्हती. १८९५ साली बेट जिंकण्यासाठी फ्रेंचांनी सुमारे पंधरा हजार शिपाई मजुंगा बंदरी उतरवले. सामानासाठी लोखंडी गाड्या आणल्या. पण गाडीला रस्ता लागतो, आणि तो तर नव्हताच! मग शिपायांच्याच हाती कुदळी दिल्या. दलदलीत रस्ता खणता खणता माणसे पटापट अंथरुणाला खिळू लागली. लढाईत पडले जेमतेम २५. रोगाने गेले पाच हजारांहून अधिक. अखेर जनरल द्युशेनने गाड्यांचा नाद सोडला आणि धडधाकट माणसे निवडून तो राजधानीवर धावून गेला. ३० सप्टेंबरला तानानारीव्हच्या राजवाड्यावर तोफगोळे पडले आणि तिसरी राणी रानाव्हालोना शरण आली. ताझोने फौज खाल्ली, राज्य मात्र वाचवले नाही.

दरबार नमला तरी खेडी नमली नाहीत. त्याच नोव्हेंबरात मेनालांबांचे बंड उठले. मेना म्हणजे लाल, लांबा म्हणजे अंगावरचे उपरणे. तेथील तांबड्या मातीत माखलेले. त्यांचा राग एकट्या फ्रेंचांवर नव्हता. ख्रिस्ती झालेल्या आपल्याच दरबारावरही होता. पुढे आलेल्या जनरल गॅलिएनीने १५ ऑक्टोबर १८९६ रोजी एका मंत्र्याला आणि एका राजपुत्राला बंडाचे पाठीराखे ठरवून गोळ्या घातल्या. दोघेही निर्दोष होते, असे आता इतिहासकार मानतात. १८९७ साली राणी हद्दपार झाली. ती अल्जिअर्सला १९१७ साली वारली. तिच्या अस्थी मायदेशी यायला १९३८ उजाडले.

आपण १९४७ म्हटले की ऑगस्ट आठवतो. मादागास्करचे १९४७ मार्चचे आहे. महायुद्धात सरकारने तेथला तांदूळ पडेल भावाने उचलला होता, वेठबिगारीने माणसे पिचली होती, आणि फ्रान्ससाठी लढून परतलेल्या शिपायांच्या पदरी पुन्हा तीच गुलामगिरी आली होती. २९ मार्चच्या रात्री मोरामांगाच्या लष्करी छावणीवर हल्ला झाला. हाती भाले, बंदुका मोजक्याच. ‘रानो! रानो!’ अशी आरोळी ठोकीत माणसे धावली. रानो म्हणजे पाणी. मंत्राने शत्रूच्या गोळीचे पाणी होईल, अशी त्यांची श्रद्धा. शहाण्यांनी हसू नये. ज्याच्या हाती भालाच आहे, त्याने बंदुकीपुढे उभे तरी कशाच्या जोरावर राहावे? बंडवालेही काही संत नव्हते. मळेवाल्यांबरोबर त्यांनी विरोधी पक्षातली आपलीच माणसेही मारली.

सरकारने जो सूड घेतला त्याला माप नव्हते. ६ मे रोजी मोरामांगा स्टेशनात बंद वाघिणींत कोंडलेल्या कैद्यांवर शिपायांनी गोळीबार केला. शंभराहून अधिक मेले. बेटाच्या तीन निवडून आलेल्या प्रतिनिधींनी, रासेता, राव्होआहांगी आणि राबेमानांजारा यांनी, शांत राहा म्हणून बंडाआधीच तार केली होती. फिर्यादीने त्या तारेलाच बंडाची सांकेतिक खूण ठरवले! पहिल्या दोघांना फाशी सुनावली, तिसऱ्याला जन्मठेप. फाशी मागाहून रद्द झाली.

इकडे गावेच्या गावे पूर्वेकडच्या रानात शिरली होती, म्हातारीकोतारी नि पोरेबाळेही. तेथे भात पिकेना, औषध मिळेना. कंद उकरून खाता खाता आणि तापाने फणफणता फणफणता माणसे गेली. म्हणजे अर्धशतकानंतर हाझो-ताझो पुन्हा कामाला लागले, पण या खेपेस आपल्याच लेकरांवर. उरलेले १९४८ च्या अखेरीपर्यंत हाडांचे सापळे होऊन बाहेर आले. एकंदर किती मेले? फ्रेंच लष्करानेच प्रथम ८९ हजार सांगितले, मग सरकारी आकडा ११ हजारांवर आला. काही इतिहासकार तीस-चाळीस हजार म्हणतात. रानात मेलेल्यांची नोंद ठेवणार कोण?

२६ जून १९६० रोजी बेट स्वतंत्र झाले, लढाई न होता, वाटाघाटींनी. त्यानंतर महिनाभरात ते तिघे प्रतिनिधी परत मायभूमीवर उतरले.