घराघरांतले दुर्मिळ खनिज

दुर्मिळ खनिज पाहायचे म्हणजे संग्रहालयातल्या काचेच्या कपाटासमोर उभे राहायला हवे, असे आपल्याला वाटते. पण एक खनिज असे आहे, की ते निसर्गात मोजक्याच ठिकाणी सापडते आणि तरीही ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीतल्या सिमेंट काँक्रीटच्या प्रत्येक इमारतीत ते तयार झालेले असते. त्याचे नाव एट्रिंगाइट.

हे नाव एका जर्मन गावावरून पडले. आयफेल प्रदेशात एट्रिंगेन गावाजवळ बेलरबर्ग नावाचा ज्वालामुखी आहे. तेथे सापडलेल्या या खनिजाचे वर्णन लेहमान या शास्त्रज्ञाने १८७४ साली केले. लाव्हारस वर येताना चुनखडकाचे तुकडे त्यात अडकले व भाजून निघाले. पुढे त्यांच्यावर सल्फेटयुक्त पाण्याची क्रिया होऊन हे स्फटिक बनले. चुना, ॲल्युमिनियम, सल्फेट आणि भरपूर पाणी ही चौकडी एकत्र यायला हवी, शिवाय माध्यम तीव्र अल्कधर्मी हवे. इतक्या अटी निसर्गात क्वचितच जुळतात. आपल्या पारसिकच्या डोंगराचा काळा पाषाणही लाव्हा थिजूनच झालेला आहे. पण अशा पाषाणाच्या पोकळ्यांत जे पांढरे सुईदार स्फटिक आढळतात ते बहुधा झिओलाइट गटातले, म्हणजे सिलिकेट असतात, एट्रिंगाइट नव्हे.

निम्मे पाणी, तरी घन

एट्रिंगाइट हे कॅल्शियम व ॲल्युमिनियमचे सजल सल्फेट आहे. त्याच्या सूत्रात ६ कॅल्शियम, २ ॲल्युमिनियम, ३ सल्फेट, १२ हायड्रॉक्सिल आणि पाण्याचे २६ रेणू असतात. वजनाने पाहिले तर १०० ग्रॅम एट्रिंगाइटमध्ये सुमारे ४६ ग्रॅम पाणीच! जिप्सममध्ये हे प्रमाण फक्त २१ ग्रॅम असते. साहजिकच एट्रिंगाइट हलके आहे. त्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.८, तर काळ्या पाषाणाचे ३ च्या आसपास. काठिण्य २ ते २.५, म्हणजे नखाने जेमतेम ओरखडा उठेल इतके. स्फटिक षट्कोनी, लांबट, रंगहीन किंवा पिवळसर असतात. काँक्रीटमध्ये मात्र ते इतक्या बारीक सुयांच्या रूपात असतात, की त्या नीट पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो.

सिमेंटमधले पहिले काही तास

सिमेंटच्या कारखान्यात चुनखडक व माती सुमारे १,४५० अंश सेल्सिअस तापमानाला भाजून ‘क्लिंकर’ नावाचे खडे तयार करतात. त्यांत कॅल्शियम ॲल्युमिनेट हे एक फार उतावळे संयुग असते. नुसते क्लिंकर दळून पाण्यात कालवले, तर काही मिनिटांतच त्याचा गोळा थिजतो. मग गवंड्याने घमेली उचलायची केव्हा आणि थापी चालवायची केव्हा? म्हणून दळतानाच त्यात शेकडा ३ ते ५ जिप्सम घालतात. पाणी पडताच जिप्समचे सल्फेट त्या ॲल्युमिनेटशी संयोग पावते आणि एट्रिंगाइटच्या सुया कणांभोवती जमू लागतात. थिजण्याची क्रिया मंदावते व काम करायला सवड मिळते. या वेळी काँक्रीट मऊ असल्याने सुयांना वाढायला जागा असते, त्यामुळे कोणाला इजा होत नाही.

तेच खनिज, पण उशिरा

आता समजा, काँक्रीट कठीण झाल्यावर काही वर्षांनी बाहेरून सल्फेटचे पाणी आत झिरपू लागले. उरलेल्या ॲल्युमिनेटशी त्याची गाठ पडते आणि पुन्हा एट्रिंगाइट तयार होते. पण आता जागा कोठे आहे? वाढणारे स्फटिक आतून दाब देतात, काँक्रीट फुगते, त्याला तडे जातात. तड्यांतून आणखी पाणी शिरते. हा रोग पाहून मिखाएलिस या जर्मन रसायनतज्ज्ञाने १८९२ साली एट्रिंगाइटला ‘सिमेंटचा जंतू’ असे नाव दिले.

आतून होणारा धोकाही आहे. जाड काँक्रीट थिजताना तापते. सुरुवातीच्या काळात आतले तापमान सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या वर गेले, तर एट्रिंगाइट टिकत नाही. पुढे गारवा आणि ओल मिळाली की कठीण झालेल्या काँक्रीटमध्ये ते पुन्हा वाढू लागते. म्हणूनच घोडबंदर रस्त्यावर उभ्या राहिलेल्या मेट्रोच्या खांबांसारख्या जाड कामांत काँक्रीटचे तापमान आटोक्यात ठेवावे लागते. त्यासाठी मिश्रणात बर्फ घालणे, सिमेंटचा काही भाग कमी करून कोळशाची उडती राख वापरणे, असे उपाय करतात.

खाडीकाठचा पेच

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. भरतीबरोबर हे पाणी ठाण्याच्या खाडीत आणि उल्हास नदीच्या मुखाकडून कल्याणच्या दिशेने येते. खारफुटीच्या काळ्या चिखलात लोह व गंधकाची संयुगे असतात. पायासाठी तो चिखल उपसला आणि त्याला हवा लागली, की त्यांचेही सल्फेट बनते.

मग ॲल्युमिनेट कमी असलेले सल्फेटरोधक सिमेंट वापरले की झाले, असे तुम्ही म्हणाल. पण खाडीच्या पाण्यात सल्फेटाबरोबर क्लोराइडही असते, आणि ते आतल्या लोखंडी सळ्या गंजवते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो व काँक्रीटचे कवच उडवतो. आपल्याकडच्या जुन्या इमारतींचा पहिला शत्रू हा गंजच आहे. गंमत अशी, की तेच ॲल्युमिनेट क्लोराइडचा काही भाग बांधून ठेवते आणि सळ्यांचे रक्षण करते! म्हणून आयएस ४५६ हे भारतीय मानक सांगते, की क्लोराइड व सल्फेट दोन्ही असतील तेथे सल्फेटरोधक सिमेंटऐवजी ५ ते ८ टक्के ॲल्युमिनेट असलेले साधे सिमेंट किंवा लोखंडाच्या भट्टीतील मळी मिसळलेले सिमेंट वापरावे. सर्वांत मोठा उपाय मात्र साधाच आहे: काँक्रीटमध्ये पाणी बेताचे घालायचे, ते नीट ठोकून बसवायचे आणि त्याला पुरेसे दिवस पाणी मारायचे. घट्ट काँक्रीटमध्ये बाहेरचे पाणी सहज शिरत नाही.

करून पाहा

शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली नळाचे, विहिरीचे आणि खाडीचे गाळलेले पाणी तीन परीक्षानळ्यांत घ्या. प्रत्येकीत थोडे विरल हायड्रोक्लोरिक आम्ल व नंतर बेरियम क्लोराइडच्या द्रावणाचे काही थेंब टाका. जेथे सल्फेट असेल तेथे बेरियम सल्फेटचा पांढरा साका दिसेल. भरती आणि ओहोटी, मे आणि ऑगस्ट अशा वेगवेगळ्या वेळच्या पाण्याची तुलना करून नोंदी ठेवा. बेरियम क्लोराइड विषारी आहे, म्हणून ते हाताला किंवा तोंडाला लागू देऊ नका. खाडीचे पाणी आणायला मोठ्या माणसांबरोबरच जा.

घरातल्या खांबाला किंवा तुळईला तडा दिसला, तर त्यावर गिलावा फासून तो झाकू देऊ नका, वडीलधाऱ्यांना सांगा. तो गंजाचा आहे, एट्रिंगाइटचा आहे की नुसत्या गिलाव्याचा, हे अभियंताच तपासून ठरवू शकतो. महानगरपालिकांच्या हद्दीतील ३० वर्षांहून जुन्या इमारतींची अशी तपासणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्या इमारतीचे वय किती आणि तिची तपासणी कधी झाली, हे आजच विचारून घ्या.