मेंदूचा स्कॅन आणि अल्झायमर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरातल्या ज्येष्ठांचा विसराळूपणा वाढला की मेंदूचा एमआरआय काढला जातो. रिपोर्टात मेंदू आकसल्याची एक ओळ असली, की घरचे थेट अल्झायमरपर्यंत जाऊन पोहोचतात. ‘नॉर्मल’ लिहिलेलं असलं, की निर्धास्त होतात. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. स्कॅन हा पुरावा असतो, निकाल नव्हे.

गैरसमज : मेंदू आकसला म्हणजे अल्झायमर झाला.
वयाबरोबर प्रत्येकाचाच मेंदू थोडाफार आकसतो. प्रश्न असतो तो कुठे आणि किती वेगाने, हा. टेम्पोरल लोबच्या आतल्या बाजूला असलेला हिप्पोकॅम्पस नव्या आठवणी साठवण्याच्या कामी येतो आणि अल्झायमरमध्ये बहुधा त्याला नि त्याच्या शेजारच्या भागाला आधी झळ पोहोचते. निरोगी वृद्धांत हिप्पोकॅम्पस वर्षाला साधारण दीड टक्क्याने घटतो, अल्झायमरच्या रुग्णांत साडेचार टक्क्यांच्या आसपास. फिलिप शेल्टन्स आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये मांडलेल्या पद्धतीत डॉक्टर एमआरआयच्या उभ्या कापात हिप्पोकॅम्पसची उंची आणि भोवतालच्या फटींची रुंदी पाहून 0 ते 4 असे गुण देतात. यातले 2 गुण पासष्टीच्या माणसात काळजीचे ठरतात, ऐंशीच्या माणसात ते वयाला धरून असू शकतात. शिवाय हिप्पोकॅम्पस आकसवणारे इतर आजारही आहेत. म्हणून वय आणि लक्षणं बाजूला ठेवून त्या एका ओळीचा अर्थ लावता येत नाही.

गैरसमज : एमआरआय नॉर्मल, म्हणजे अल्झायमर नाही.
या आजारात अमायलॉइड आणि टाऊ या प्रथिनांचे साठे होतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे; नेहमीच्या एमआरआयचा सर्वांत लहान ठिपका मात्र साधारण एक मिलिमीटरचा. त्यामुळे एमआरआयला साठे दिसत नाहीत, पेशी मेल्यावर झालेली झीज तेवढी दिसते, आणि सुरुवातीला तीही नजरेत भरण्याइतकी नसते. काही रुग्णांत आजार मेंदूच्या मागच्या भागातून सुरू होतो : आधी वाचताना, वस्तू ओळखताना अडखळायला होतं आणि हिप्पोकॅम्पस बराच काळ शाबूत दिसतो.

गैरसमज : मग पेट स्कॅन केला की प्रश्नच मिटला.
पिट्सबर्गच्या संशोधकांनी तयार केलेल्या रसायनामुळे जिवंत माणसाच्या मेंदूतलं अमायलॉइड पेट स्कॅनवर पाहता येऊ लागलं. 2004 मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ही झेप मोठीच होती. पण त्याच तंत्राने हेही दाखवलं, की स्मरणशक्ती उत्तम असलेल्या सत्तरीच्या माणसांतही साधारण पाचातल्या एकाच्या मेंदूत अमायलॉइड सापडतं. त्यातल्या अनेकांना आयुष्यभर स्मृतिभ्रंश होत नाही. म्हणजे साठा दिसणं आणि माणूस आजारी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यावर रास्त आक्षेप असा, की स्कॅन इतका अपुरा असेल तर त्यावर खर्च का करायचा? कारण विसरण्यामागे कवटीखाली साचलेलं रक्त, मेंदूतली गाठ किंवा पाण्याचा निचरा बिघडून फुगलेल्या पोकळ्याही असू शकतात. यांतल्या अनेकांवर उपचार आहेत आणि स्कॅनशिवाय ते कारण हाती लागणं अवघड. लेकॅनेमॅबसारखं अमायलॉइड काढणारं औषध देताना मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना, हे पाहायलाही एमआरआय वारंवार लागतो. आणि 2004 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्झायमर्स डिसीज न्यूरोइमेजिंग इनिशिएटिव्हसारख्या अभ्यासांत त्याच माणसांचे स्कॅन वर्षानुवर्षं काढले गेले, म्हणून मेंदूतले बदल लक्षणांच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतात, हे पक्कं होत गेलं. तेव्हा स्कॅन जरूर काढावा, पण रिपोर्ट हाती आल्यावर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : झीज नेमकी कुठल्या भागात आहे, ती या वयाच्या मानाने जास्त आहे का, आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांशी ती जुळते का? निदान उभं राहतं ते या तिन्ही उत्तरांवर.