गोळी जुनी, सूज नवी

रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या एखाद्या माणसाचा ओठ सकाळी अचानक सुजतो. तासा-दोन तासांत जीभही जड होते. घरातल्यांचा पहिला संशय आदल्या रात्रीच्या जेवणावर जातो : कोळंबीचे वावडे असेल, नाहीतर पित्त उठले असेल. गोळीचे नाव कोणी काढत नाही, कारण ती दोन वर्षे बिनतक्रार चालू आहे. आपण फसतो ते इथेच.

ही गोळी बहुधा एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, रामिप्रिल अशी ‘प्रिल’ने संपणाऱ्या नावाची असते. या औषधांचे मूळ आहे ब्राझीलमधील जराराका या विषारी सापात. त्याचे विष रक्तद्रवात मिसळले की एक नवा पदार्थ मोकळा होतो, हे मौरिसिओ रोशा ए सिल्वा व सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवले. हाच ब्रॅडिकायनिन. तो रक्तवाहिन्या रुंदावतो. त्याचा प्रभाव वाढवणारे घटकही त्याच विषात आहेत, हे १९६५ मध्ये सर्जिओ फेरेरा यांना आढळले. हा धागा धरून तयार झालेल्या कॅप्टोप्रिलला अमेरिकेत १९८१ साली मान्यता मिळाली.

आता शरीरात काय घडते ते पाहू. एसीई नावाचे एक विकर दोन कामे करते. रक्तवाहिन्या आवळणारे अँजिओटेन्सिन-२ ते बनवते आणि ब्रॅडिकायनिनचे तुकडेही करते. औषधाने हे विकर अडवले की रक्तदाब उतरतो; पण ब्रॅडिकायनिनच्या दृष्टीने मोरीच तुंबते. नळ पूर्वीइतकाच वाहतो, तरी पाणी साचते. बहुतेकांच्या शरीरात इतर विकरे हा निचरा सांभाळून घेतात. हजारात साधारण १ ते ७ जणांना मात्र सूज येते. साचलेल्या ब्रॅडिकायनिनमुळे केशवाहिन्या पाझरू लागतात आणि ओठ, पापण्या, जीभ, घसा अशा सैल ऊतींत द्रव भरतो. ती पहिल्या काही आठवड्यांत येईल, किंवा काही वर्षांनीही. (अनेकांना होणारा कोरडा खोकलाही याच तुंबण्याशी जोडला जातो.)

पित्त उठते ते हिस्टामाइनमुळे. त्यात खाज येते, गांधी उठतात. इथे दोन्ही नसतात, आणि म्हणूनच पित्तावरच्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. जीभ सुजली, आवाज बदलला, गिळता येईना, तर श्वासमार्ग बंद होण्याचा धोका असतो. अशा वेळी गोळ्यांची पट्टी बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठावे. सूज पुष्कळदा एक-दोन दिवसांत आपोआप ओसरते. मग श्रेय इंजेक्शनला मिळते, दोष कोळंबीला, आणि गोळी चालूच राहते! पुढची सूज घशात येऊ शकते. म्हणून ‘प्रिल’ गटातील औषध अशा रुग्णाला डॉक्टर पुन्हा देत नाहीत.

अॅम्लोडिपिनने घोट्यांवर येणारी सूज निराळी. तीत धमनिका सैलावून केशवाहिन्यांतील दाब वाढतो. घशाला धोका नसतो. लोसार्टन, टेल्मिसार्टन ही ‘सार्टन’ औषधे अँजिओटेन्सिनलाच त्याच्या ग्राहीवर अडवतात. ती एसीईला हात लावत नाहीत, मोरी मोकळी राहते, आणि त्यांच्यामुळे अशी सूज क्वचितच येते.