काढणीनंतरची फळकूज व सूक्ष्म जीवांचें साह्य

झाडावर निकोप दिसणारा आंबा आढींत पिकतां पिकतां काळा पडतो, हा अनुभव मुळशी तालुक्यांतील बागवानांस नवा नाहीं. काढणीनंतर नासलेल्या मालाची हानि कमी उत्पन्नाच्या हानीहून अधिक जाचक होय. कारण तोंवर खत, पाणी, मजुरी व गाडीभाडें हीं सर्व खर्ची पडलेलीं असतात. या कुजीवर सूक्ष्म जीवांकरवीं इलाज करण्याची जी पद्धति निघाली आहे, तिचें स्वरूप व मर्यादा आम्ही येथें सांगणार आहों.

फळकूज बहुतांशीं बुरशीमुळें होते, आणि ही बुरशी दोन वाटांनीं शिरते. पहिली वाट जखमेची. संत्र्या-मोसंब्यांस लागणारी पेनिसिलियम जातीची हिरवी बुरशी सालीस ओरखडा पडल्यावांचून सहसा आंत जात नाहीं. दुसरी वाट बागेंतील. आंब्याच्या करप्याची कोलेटोट्रिकम नामक बुरशी ओलसर हवेंत मोहोरावर व कोंवळ्या फळांवर बसते, सालींत शिरून निपचित राहते, आणि फळ पिकूं लागून त्याची प्रतिकारशक्ति उतरली कीं काळ्या डागांच्या रूपानें प्रकट होते. ताम्हिणीच्या बाजूस पाऊस अतोनात; काढणीच्या सुमारास वळवाच्या सरी आल्या तर या रोगास आयतेंच फावतें.

रासायनिक औषधांनीं ही कूज पुष्कळ आवरतां येते. परंतु एकच औषध वारंवार वापरल्यास बुरशी त्यास दाद देईनाशी होते, व औषधाचा अंश खाणाऱ्याच्या पोटांत जाण्याचें भय असतें. म्हणून शास्त्रज्ञांची दृष्टि बुरशीच्या नैसर्गिक शत्रूंकडे वळली. बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू लिंबूवर्गीय फळांच्या रोगजंतूंस मारक ठरतो, असें इस्राएलांतील गटर व लिटावर यांनीं १९५३ सालीं दाखविलें. अमेरिकेंत प्यूसी व विल्सन यांनीं १९८४ सालीं त्याच जिवाणूनें पीच फळाची तपकिरी कूज रोखली. पुढें १९९५ सालीं अमेरिकेंत अशा दोन तयार औषधांस सरकारी मान्यता मिळाली; एकांत कॅन्डिडा ओलिओफिला हें यीस्ट होतें, तर दुसऱ्यांत स्यूडोमोनस सिरिंजी हा जिवाणू. पहिलें औषध मागाहून बाजारांतून नाहीसें झालें, यावरून हा मार्ग किती बिकट आहे तें कळून येईल.

या मित्रजीवांचें कार्य कसें चालतें? मोकळ्या वाफ्यांत आधीं दाट पीक उभें राहिलें तर तणास जागा उरत नाहीं. तद्वत् यीस्ट जखमेंत झपाट्यानें वाढून तेथील साखर व इतर पोषक द्रव्यें आधींच फस्त करतें, व मागून आलेल्या बुरशीच्या बीजकणांस उपास घडतो. बॅसिलस बुरशीस घातक द्रव्यें स्रवतो. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी शत्रूच्या तंतूंस विळखा घालून त्यांवरच उपजीविका करते. शिवाय कित्येक मित्रजीवांच्या स्पर्शानें फळाची स्वतःची प्रतिकारशक्तिही जागी होते.

यावरूनच या उपायाची मर्यादा निघते. तो पहारेकरी आहे, वैद्य नव्हे. चोर घरांत शिरल्यावर दाराशीं पहारा बसवून काय उपयोग? करपा सालींत आधींच दडलेला असेल, तर काढणीनंतर लाविलेलें यीस्ट त्यास सहसा गांठूं शकत नाहीं. म्हणून आंब्याच्या बाबतींत रक्षणाचा आरंभ मोहोरापासूनच केला पाहिजे: वाळक्या, रोगट फांद्या छाटून जाळाव्या व झाडांत वारा खेळता ठेवावा. आंबे देठासह झेल्यानें उतरावे, जमिनीवर पाडूं नयेत व चीक सालीवर ओघळूं देऊं नये. उतरल्यावर सुमारें ५२ अंश सेल्सिअस उष्ण पाण्यांत ५ ते १० मिनिटें बुडविल्यास दडलेली बुरशी बरीच दबते. मात्र उष्णतामापकाशिवाय हें करूं नये, कारण पाणी अधिक तापल्यास साल भाजते.

मित्रजीवांचें औषध घेतांना तें सरकारी नोंदणीचें आहे कीं नाहीं, कोणत्या पिकासाठीं आहे व मुदत केव्हां संपते, हें डब्यावर वाचून पाहावें. जिवंत वस्तु उन्हांत ठेविल्यास मरते, व रासायनिक बुरशीनाशकांत मिसळल्यासही बहुधा निकामी होते. जें औषध जमिनीकरितां वा बियाण्याकरितां विकलें जातें, तें खाण्याच्या तयार फळांवर शिंपडणें सर्वथा अयोग्य होय.

शेवटीं आमची एवढीच सूचना आहे कीं, कोणाच्याही शब्दावर सगळा माल औषधांत बुडवूं नये. एकाच झाडाच्या, एकाच दिवशीं उतरलेल्या फळांच्या दोन सारख्या पेट्या कराव्या. एकीस उपाय करावा, दुसरी तशीच ठेवावी, आणि रोज नासलेलीं फळें मोजून लिहून ठेवावीं. वांचलेल्या फळांची किंमत औषधाच्या व मजुरीच्या खर्चाहून अधिक भरली, तरच पुढील हंगामांत तो उपाय साऱ्या बागेस करावा.