खारवलेल्या बांगड्यातील प्रथिनबदलांचे मापन

प्रस्तावना : खारघर आणि पनवेल खाडीच्या परिसरातील आगरी-कोळी कुटुंबांत पावसाळ्यापूर्वी, म्हणजे आगोटीला, सुक्या मासळीची बेगमी केली जाते. बोंबील बहुधा नुसत्या उन्हात सुकवला जातो, तर बांगडा मिठात खारवला जातो. खाऱ्या बांगड्यातील प्रथिनांचे शेकडा प्रमाण ताज्यापेक्षा पुष्कळ अधिक दिसते. ही वाढ खरी आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

टक्केवारीचा आधार : समजा, १०० ग्रॅम ताज्या मांसात ७५ ग्रॅम पाणी, १९ ग्रॅम प्रथिने आणि ६ ग्रॅम इतर घन पदार्थ आहेत. खारवताना व सुकवताना ५७ ग्रॅम पाणी गेले, ८ ग्रॅम मीठ आत शिरले आणि १ ग्रॅम प्रथिन खारपाण्यात उतरले. उरलेल्या ५० ग्रॅममध्ये प्रथिने १८ ग्रॅम, म्हणजे ३६ टक्के. प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. प्रत्यक्षात प्रथिन घटले. म्हणून तुलना मीठविरहित शुष्क भारावर करावी लागते. त्या आधारावर प्रमाण ७६ वरून ७५ टक्क्यांवर येते.

केल्डाल पद्धतीची मर्यादा : डॅनिश रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रथिन नव्हे, तर नायट्रोजन मोजला जातो, त्यास ६.२५ ने गुणून प्रथिनाचा अंदाज बांधतात. प्रथिने तुटून पेप्टाइडे व अमिनो आम्ले झाली, तरी नायट्रोजनचा आकडा तसाच राहू शकतो. बांगड्याच्या मांसात हिस्टिडीन विपुल असते. मासा मीठ लागण्यापूर्वी उष्ण हवेत पडून राहिल्यास जिवाणू त्यापासून हिस्टामीन तयार करतात. या क्रियेत कार्बन डायऑक्साइड निघून जातो; नायट्रोजनचे तिन्ही अणू मात्र जागीच राहतात. परिणामी, विषबाधा घडवू शकणारा मासा ‘प्रथिनसमृद्ध’ ठरू शकतो. शिजवल्यानेही हिस्टामीन नष्ट होत नाही. कोडेक्सच्या मानकांत त्याची आरोग्यविषयक मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम आहे.

पूरक मापने : ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्लाने प्रथिने अवक्षेपित करून गाळलेल्या द्रवातील नायट्रोजन मोजल्यास अप्रथिन नायट्रोजन कळतो. एकूण नायट्रोजनाशी त्याचे गुणोत्तर वाढत गेल्यास प्रथिनविघटनाचा संकेत मिळतो. मात्र काही अप्रथिन नायट्रोजन ताज्या मांसातही असल्याने ताज्या नमुन्याशी तुलना आवश्यक ठरते. जेल इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये मायोसिनच्या जड साखळीचा सुमारे २०० किलोडाल्टनचा पट्टा फिकट होऊन खाली लहान तुकड्यांचे पट्टे उमटले, तर नेमके कोणते प्रथिन तुटले हेही समजते. हिस्टामीनची चाचणी मात्र स्वतंत्रच करावी लागते.

निष्कर्ष : खाऱ्या मासळीविषयी प्रथिनाचा एकच आकडा देणे अपुरे आहे. ओलावा, मीठ, एकूण नायट्रोजन व अप्रथिन नायट्रोजन ही चार मापने महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही शक्य आहेत. विद्यार्थी-प्रकल्पांत ती एकत्र नोंदविली गेल्यास आहारमूल्य आणि आहारसुरक्षा यांतील भेद आकड्यांतूनच स्पष्ट होईल.