विसंगती सापडली, पुढे काय?
‘धर्मग्रंथ आणि आपण’ : लेखांक ९

मागच्या लेखांकात बायबल नावाचा संग्रह कसा जमत गेला ते आपण पाहिले. प्रॉटेस्टंट परंपरेत त्यात ६६ पुस्तके, कॅथलिक परंपरेत ७३. भाषा हिब्रू, अरामी आणि ग्रीक. लेखक अनेक, आणि लेखनाचा काळ कित्येक शतकांचा. असा संग्रह आतून एकसारखा असेल का, आणि नसेल तर त्याला खरा म्हणायचे का, हा आजचा विषय. हा वाद युरोप-अमेरिकेतला, आपला त्याच्याशी काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तो मराठीत जवळजवळ दोनशे वर्षे चालला आहे. त्याचा एक धागा साताऱ्यातून निघतो, आणि तो सोडवण्याची रीत सातारा जिल्ह्यातल्याच औंधच्या एका देणगीतून शिकता येते.

साताऱ्याहून गेलेले उत्तर

स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. दोनच वर्षांत, १८३१ मध्ये, मोरभट दांडेकर यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. मोरभटांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ लिहिली, विल्सननी तिचे खंडन छापले. मग साताऱ्याचे नारायणराव पुढे सरसावले. त्यांच्या ‘स्वदेशधर्माभिमानी’ या पुस्तकाला उत्तर म्हणून विल्सननी १८३४ मध्ये दुसरे खंडन प्रसिद्ध केले, आणि त्याच्या नावातच साताऱ्याच्या नारायणरावांचा उल्लेख केला. मराठी छपाई मुंबईत नवी होती आणि मराठी वर्तमानपत्रांची नुकती सुरुवात होती, त्या काळात साताऱ्याचा एक गृहस्थ मुंबईच्या पाद्र्याला लेखी जाब विचारतो आणि पाद्री त्याला ग्रंथभर उत्तर देतो, ही गोष्ट लहान नाही.

पुढची ठिणगी संस्कृतात पडली. कंपनी सरकारचे अधिकारी जॉन म्यूर यांनी १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ लिहिली. खरे शास्त्र ओळखायच्या कसोट्या त्यांनी मांडल्या: संस्थापकाचे चमत्कार, ग्रंथाचे पावित्र्य आणि सर्व मानवांसाठी असणे. या कसोट्यांवर बायबलच उतरते, असा त्यांचा निष्कर्ष. सिहोरचे मराठी पंडित सुबाजी बापू यांनी ‘सोमनाथ’ या नावाने त्याच वर्षी उत्तर दिले. काही वर्षांनी काशीच्या नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून ख्रिस्ती मताचे खंडन केले. हेच गोऱ्हे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले आणि फादर नेहेम्या गोऱ्हे म्हणून ओळखले जाऊ लागले. एकाच माणसाने आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने, दोन्ही वेळा पूर्ण ताकदीने, युक्तिवाद केला.

१८५७ च्या जानेवारीपासून विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर दर गुरुवारी मिशनऱ्यांशी वाद घालू लागले. त्या वादांचा वृत्तांत जॉर्ज बोवेन यांनी त्याच वर्षी पुस्तकरूपाने छापला. गर्दी जमे, प्रश्न विचारले जात, उत्तरे दिली जात.

या साऱ्या वादांत तळमळ खरी होती, विद्वत्ता खरी होती. उणीव एकच होती. बहुतेक वेळा दोन्ही बाजू समोरच्याच्या ग्रंथातले दोष काढत. आपल्या ग्रंथातला दोष दिसला तर त्याचे काय करायचे, याची रीत कोणाकडे नव्हती. ती रीत कशी असते हे पाहण्याआधी दोष म्हणजे नक्की काय, ते एका उदाहरणात नीट पाहू.

दोन वर्षांनी मोठा मुलगा

घरात किंवा ग्रंथालयात बायबल असेल तर जुन्या करारातील ‘२ राजे’ हे पुस्तक उघडा. आठव्या अध्यायाच्या २६ व्या वचनात यहूदाचा राजा अहज्या गादीवर बसला तेव्हा २२ वर्षांचा होता असे आहे. आता ‘२ इतिहास’, अध्याय २२, वचन २ पाहा. हिब्रू पाठात तोच राजा त्याच प्रसंगी ४२ वर्षांचा आहे. एक पान मागे या. अहज्याचा बाप यहोराम ३२ व्या वर्षी राजा झाला आणि ८ वर्षे राज्य करून वारला, म्हणजे ४० व्या वर्षी. बाप वारल्यावर लगेच मुलगा गादीवर आला. ४२ हा आकडा धरला तर मुलगा बापापेक्षा दोन वर्षांनी मोठा ठरतो.

संशयवादी म्हणतो, पाहा, देवाचे वचन म्हणता आणि साधी बेरीज जुळत नाही. श्रद्धावंत म्हणतो, नकलकाराचा हात चुकला, मूळ लेखात चूक नव्हती. येथे श्रद्धावंताची बाजू भक्कम आहे. काही जुन्या ग्रीक हस्तलिखितांत आणि सिरियाक भाषांतरात इतिहासाच्या पुस्तकातही २२ च आहे, म्हणून कित्येक आधुनिक भाषांतरे २२ छापतात आणि हिब्रूतला ४२ तळटीपेत देतात.

पण सगळ्या विसंगती अशा नाहीत. दावीद राजाने लोकांची शिरगणती केली, हा प्रसंग दोनदा येतो. ‘२ शमुवेल’ २४:१ मध्ये दाविदाला त्यासाठी प्रवृत्त करणारा परमेश्वराचा कोप आहे. ‘१ इतिहास’ २१:१ मध्ये तो सैतान आहे. येथे नकलकाराला दोष देता येत नाही. इतिहासाचे पुस्तक नंतरच्या काळात लिहिले गेले, आणि वाईट कृत्याची प्रेरणा थेट देवाकडून आली असे म्हणणे त्या लेखकाला रुचले नसावे. दोन काळांतली दोन धर्ममते एकाच ग्रंथात शेजारी बसली आहेत.

तिसरा प्रकार दोन परंपरांचा. येशूला धरून देणारा शिष्य यहूदा याने गळफास घेतला असे मत्तय सांगतो (२७:५); तो पालथा पडला आणि त्याचे पोट फुटले असे ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगते (१:१८). येशूच्या वंशावळीत योसेफाचा बाप मत्तयाच्या मते याकोब, लूकच्या मते एली.

चौथा प्रकार नंतर आलेल्या मजकुराचा. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला येशू वाचवतो, ती योहानाच्या आठव्या अध्यायातली अत्यंत सुंदर कथा सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. मार्कच्या शेवटच्या अध्यायातली ९ ते २० ही वचनेही तशीच.

चार प्रकारांना चार वेगळी उत्तरे लागतात. वादात मात्र चारही एकाच पोत्यात भरून समोरच्याच्या अंगावर फेकले जातात, आणि तोही एकाच उत्तराने चारही परतवू पाहतो. वाद संपत नाही याचे मुख्य कारण हे आहे.

श्रद्धेची आणि संशयाची उत्तरे

या विसंगती आधुनिक संशोधकांनी शोधल्या असे नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या ग्रीक टीकाकाराने ख्रिस्ती ग्रंथांवर हल्ला चढवला, आणि तिसऱ्या शतकात ओरिजेनने त्याला सविस्तर उत्तर दिले. दुसऱ्याच शतकात तातियानने चारही शुभवर्तमाने एकत्र विणून एकच सलग कथा केली. ती सिरियाक भाषिक चर्चमध्ये बराच काळ वापरातही होती. तरी चर्चने अखेर चार वेगळी शुभवर्तमानेच प्रमाण मानली. विसंगती पुसण्याची सोय हाताशी असताना ती पुसली नाही, ही गोष्ट संशयवाद्यांनी लक्षात घ्यावी.

ऑगस्टीनने श्रद्धावंतांसाठी एक नियम घालून दिला: ग्रंथात काही असत्य भासले तर एकतर हस्तलिखित सदोष आहे, किंवा भाषांतर चुकले आहे, किंवा मला अर्थ कळलेला नाही. १९७८ च्या शिकागो निवेदनात इव्हँजेलिकल पंडितांनी जवळपास हेच सांगितले. ग्रंथाची निर्दोषता मूळ लेखांपुरती आहे, नकलांपुरती नाही. अडचण अशी की बायबलच्या एकाही पुस्तकाची मूळ प्रत आज अस्तित्वात नाही. जो लेख कोणी पाहू शकत नाही, त्याच्या निर्दोषतेचा दावा तपासायचा कसा? श्रद्धावंतांनी या प्रश्नाला प्रामाणिकपणे सामोरे जायला हवे.

१७०७ मध्ये जॉन मिल यांनी ग्रीक नव्या कराराची आवृत्ती काढली. सुमारे शंभर हस्तलिखिते ताडून त्यांनी जवळजवळ ३०,००० पाठभेद नोंदवले. श्रद्धावंत हादरले, संशयवाद्यांना आयते शस्त्र मिळाले. केंब्रिजचे रिचर्ड बेंटली यांनी उत्तर दिले: हे भेद मिलने निर्माण केले नाहीत, ते होतेच. जितकी हस्तलिखिते अधिक, तितके भेद अधिक. पण तितकाच जुना पाठ शोधण्याचा आधारही अधिक. आज नव्या कराराची ५,००० हून अधिक ग्रीक हस्तलिखिते नोंदलेली आहेत, आणि बेंटलींचे म्हणणे टिकले आहे.

औंधकरांचे लाख रुपये

बेंटलींनी सांगितलेली रीत आपल्याकडे एका भारतीय धर्मग्रंथाला लावली गेली, आणि त्यामागे औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी उभे राहिले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढता यावी म्हणून त्यांनी १९१८ मध्ये एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली. १ एप्रिल १९१९ रोजी डॉ. रा. गो. भांडारकरांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला. १९२५ मध्ये बर्लिनला शिकून आलेले विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. सुकथनकर १९४३ मध्ये गेले, तरी काम थांबले नाही. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत ते पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते पाहिली गेली.

हे काम कसे चाले, ते पाहण्यासारखे आहे. मोठ्या आखीव कागदावर वरच्या ओळीत एक श्लोक अक्षरागणिक लिहायचा. खाली प्रत्येक हस्तलिखितासाठी एक ओळ. जेथे अक्षर जुळते तेथे काही लिहायचे नाही. जेथे वेगळे आहे तेथे त्याच घरात ते वेगळे अक्षर भरायचे. काश्मीरची शारदा लिपीतली पोथी, केरळची मल्याळम लिपीतली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ आणि देवनागरी लिप्यांतल्या, सगळ्या एकाखाली एक. मग कोणता पाठ सर्वांत जुना ठरतो ते पाहून तो वर छापायचा आणि बाकीचे सगळे खाली. काहीही फेकून द्यायचे नाही, काहीही लपवायचे नाही.

यात लोकांना प्रिय असलेल्या गोष्टीही मागे गेल्या. गणपती व्यासांचा लेखनिक झाला ही कथा मुख्य पाठातून परिशिष्टात गेली. वस्त्रहरणाच्या प्रसंगातला द्रौपदीचा कृष्णाचा धावा तळटीपेत गेला. वस्त्रामागून वस्त्र येत राहते, एवढेच वर उरले. बाळासाहेब स्वतः भाविक होते, कीर्तन करत, यमाईचे उपासक होते, आणि उत्तम चित्रकार असल्याने या आवृत्तीसाठी चित्रेही देत होते. श्रद्धेच्या ग्रंथाची ही उलटतपासणी त्यांनी आपल्या छोट्या संस्थानाच्या तिजोरीतून करवली. गावोगावची महाभारतावरची भक्ती त्याने कमी झाली नाही. कीर्तनात आजही द्रौपदी कृष्णाला हाक मारते आणि श्रोत्यांचे डोळे भरून येतात. ती हाक पोथीत केव्हा आली, हे अभ्यासकाला कळते, इतकेच.

त्याच वर्षांत पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधला आले आणि त्यांनी स्वाध्याय मंडळ उभारले. वेद त्यांना परमप्रमाण. तरीही, नव्हे म्हणूनच, संहितांचा शुद्ध पाठ छापून लोकांच्या हाती देण्यासाठी ते १९४८ पर्यंत औंधमध्ये खपले. ग्रंथ प्रमाण मानणाऱ्याने त्याच्या अक्षराची सर्वांत जास्त काळजी घ्यावी, हे त्यांनी करून दाखवले.

बायबलच्या बाजूला हीच निष्ठा पंडिता रमाबाईंची. १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी इंग्लंडमधल्या आपल्या गुरू-भगिनींशी पत्रांतून वाद घातला: बायबल मान्य, पण त्याचा अर्थ सांगण्याचा मक्ता चर्चचा हे अमान्य. पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संपूर्ण बायबल मराठीत आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे दिली, आणि ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले.

खरे काय मानायचे?

औंध खटाव तालुक्यात आहे. महात्मा फुल्यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण त्याच तालुक्यात. फुल्यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ १८९१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, निघाले. माणसांनी रचलेल्या एकाही धर्मपुस्तकात आरंभापासून शेवटपर्यंत सारखे सत्य नाही, असे त्यांचे त्यात स्पष्ट मत आहे. हा निवाडा त्यांनी बायबललाही लावला, वेदांनाही. आणि एकाच कुटुंबात बाई बौद्ध, पुरुष ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी होऊन गोडीने राहावेत, हेही त्यांनीच सुचवले. कठोर चिकित्सा आणि माणसांशी मार्दव या दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात मावतात.

आजच्या लेखांकाचे सार मला असे वाटते. बायबलमध्ये विसंगती आहेत. त्या नाकारणाऱ्याने ग्रंथ नीट वाचलेला नाही. पण विसंगती सापडली म्हणून ग्रंथातला न्यायाचा, करुणेचा, क्षमेचा उपदेश खोटा ठरत नाही, आणि विसंगती झाकली म्हणून चमत्कारांचा इतिहास सिद्ध होत नाही. मूळ पाठ काय, त्याचा अर्थ काय, आणि तो अर्थ खरा आहे का, हे तीन प्रश्न आहेत. पहिला हस्तलिखिते सोडवतात, दुसरा भाषा आणि इतिहास, तिसरा प्रत्येकाची बुद्धी आणि अनुभव. पहिल्याचे उत्तर तिसऱ्याला देणे हा दोन्ही बाजूंचा नेहमीचा दोष आहे.

म्हणून वाचकांना विनंती एवढीच. पुढच्या वेळी कोणी बायबलमधली, कुराणातली किंवा गीतेतली विसंगती दाखवली, तर चिडू नका आणि टाळ्याही वाजवू नका. दोन्ही वचने उघडून शेजारी ठेवा, मागचापुढचा अध्याय वाचा, तळटीप पाहा, आणि जी कसोटी दुसऱ्याच्या ग्रंथाला लावाल तीच आपल्या ग्रंथाला लावा. पुढील लेखांकात चार शुभवर्तमानांतला येशूचा शेवटचा आठवडा याच रीतीने वाचू.